आपला बिछाना दुसऱ्याला देणारी मोलकरीण : संत जान ज्युगाँ



आपल्या धर्मग्रामात, आपल्या चाळीत किंवा वसाहतीत असे एक दार असतेच. त्या दाराआड एखादे वृद्ध गृहस्थ किंवा एखाद्या आजीबाई एकट्याच राहतात. पूर्वी रविवारच्या उपासनेला त्या सर्वांच्या आधी येऊन बसत. हल्ली दिसत नाहीत. कुणीतरी चौकशीला जाते. दार किलकिले होते. आतून कोंदट वास येतो. अंगावर कित्येक दिवसांचे कपडे असतात, पायावरची जखम उघडीच असते आणि चुलीवर काही शिजल्याची खूण दिसत नाही. आपण विचारपूस करतो. सर्व ठीक आहे, मला काही नको, असे सांगून दार पुन्हा लागते. आपण कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी परततो. आणि मग एके दिवशी शेजाऱ्यांना ते दार फोडावे लागते.

ज्याला कुणी छळले नाही, ज्याची शिदोरी कुणी हिरावून घेतली नाही, परंतु ज्याने स्वतःच स्वतःची काळजी घेणे सोडून दिले आहे, अशा वृद्धाचे काय करावे? बळजबरी करावी तर त्याचा मान जातो. निघून यावे तर त्याचा जीव जातो. या पेचाचे उत्तर कुठल्या ग्रंथात शोधण्याआधी एका अल्पशिक्षित मोलकरणीच्या आयुष्याकडे पाहू या. तिचे नाव जान ज्युगाँ. ख्रिस्तसभा दर वर्षी ३० ऑगस्टला तिचा सण पाळते.

कोळ्याची लेक

फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथील समुद्रकिनाऱ्यावरील कांकाल या गावी २५ ऑक्टोबर १७९२ रोजी जानचा जन्म झाला. वडील कोळी होते. जान चार वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा समुद्रावर गेलेले तिचे वडील परत आलेच नाहीत. आपल्या वसई, उत्तन किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाचकांना या एका वाक्यातील दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या घरचा पुरुष समुद्राने नेला, त्या घरात वाट पाहणे लवकर संपत नाही आणि दारिद्र्य मात्र लगेच सुरू होते.

तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. ख्रिस्तमंदिरे बंद पडली होती आणि धर्मगुरूंना लपूनछपून फिरावे लागत होते. मुलांना धर्मशिक्षण मिळे ते घराच्या चार भिंतींत, आयाबायांच्या तोंडून, आवाज चढू न देता. जानच्या आईने मोलमजुरी करून मुले वाढवली आणि त्याच हलक्या आवाजात त्यांना विश्वास दिला. जान गुरे राखी, सूत काती, विणकाम करी. सोळाव्या वर्षी ती जवळच्याच एका उमराव घराण्यात स्वयंपाकघरातील मोलकरीण म्हणून लागली. त्या घरची मालकीण धर्मशील होती. आजारी व गरीब माणसांना भेटायला जाताना ती जानला सोबत नेई. दुसऱ्याच्या झोपडीत पाय कसा ठेवावा, दान देताना देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याची मान खाली होऊ नये म्हणून काय करावे, याचे पहिले धडे जानला तेथे मिळाले. स्वतः चाकर असल्यामुळे ते तिला लवकर उमगले असावेत.

एका तरुण खलाशाने तिला मागणी घातली. तिने नकार दिला. काही वर्षांनी त्याने पुन्हा विचारले. तिने पुन्हा नकार दिला. देव आपल्याला स्वतःसाठी राखून ठेवत आहे आणि जे कार्य अजून जन्मालाही आलेले नाही त्यासाठी तो आपल्याला हवा म्हणतो आहे, अशा आशयाचे काहीतरी तिने आईला सांगितले. ते कार्य कोणते, हे तिला ठाऊक नव्हते. ते समजायला पुढे वीसहून अधिक वर्षे लागणार होती.

चाकरीची वर्षे

वाचकहो, संतांच्या चरित्रात आपण चमत्कार शोधतो. जानच्या चरित्रात पंचवीस ते सत्तेचाळीस या वयात चमत्कार नाही; फक्त काम आहे. १८१७ साली ती सँ-मालो बंदराला लागून असलेल्या सँ-सेर्व्हाँ या गावी आली आणि तेथील इस्पितळात रुग्णसेवा करू लागली. याच सुमारास संत जॉन यूड्स यांच्या परंपरेतील प्रापंचिक स्त्रियांच्या संघात ती दाखल झाली. घरसंसारात किंवा चाकरीत राहूनच प्रार्थनेचे व साधेपणाचे जीवन जगण्याचे बंधन या स्त्रिया स्वीकारत. सुमारे सहा वर्षे तिने इस्पितळात काम केले. शेवटी तिचीच प्रकृती ढासळली.

मग त्याच संघातील लकॉक नावाच्या एका वयस्क बाईंनी तिला घरी ठेवून घेतले. नावाला ती मोलकरीण होती. प्रत्यक्षात ती सोबतीण झाली. दोघी मिळून प्रार्थना करत, मुलांना धर्मशिक्षण देत, गावातील गरिबांना भेटत. बारा वर्षे अशी गेली. १८३५ साली त्या बाई जानच्या सेवेतच मरण पावल्या.

ही बारा वर्षे मी मुद्दाम सांगतो आहे. वृद्ध माणसाची सेवा ही दयेच्या एका उमाळ्यात होत नाही. ती शिकावी लागते. वृद्धाचा हट्ट कुठे भीतीतून येतो आणि कुठे दुखण्यातून, तो जेवण नको म्हणतो तेव्हा त्याला भूक नसते की डोळ्यांना ताट दिसत नसते, हे ओळखणारी नजर सवयीने तयार होते. पुढे जे घडले त्यासाठी जानचे हात आणि डोळे याच काळात तयार झाले.

१८३७ साली जानने फ्रान्स्वाझ ओबेर नावाच्या बहात्तर वर्षांच्या बाईंबरोबर एका छोट्या घराचा काही भाग भाड्याने घेतला. व्हर्जिनी नावाची सतरा वर्षांची अनाथ मुलगी त्यांच्यात आली. एक म्हातारी, एक प्रौढ आणि एक कोवळी पोर असे ते कुटुंब होते. जान बाहेरची कामे करी आणि तिघी मिळून प्रार्थना करत.

एक जिना

सँ-सेर्व्हाँ हे बंदराचे गाव होते. समुद्राने विधवा केलेल्या स्त्रिया, उतारवयात काम सुटलेले खलाशी, आयुष्यभर दुसऱ्यांची घरे सांभाळून शेवटी स्वतःचे घर नसलेल्या मोलकरणी, अशी माणसे तेथे पुष्कळ होती. क्रांतीच्या धामधुमीत जुन्या धर्मादाय संस्था मोडून पडल्या होत्या. म्हातारी माणसे भीक मागत, अंधाऱ्या खोल्यांत पडून राहत आणि कुणाला न कळता मरत.

त्यांत ॲन शोव्हाँ ही वृद्ध विधवा होती. ती आंधळी होती आणि तिचे एक अंग लुळे पडले होते. बहिणीच्या आधाराने ती जगत होती. ती बहीणच आजारी पडून इस्पितळात गेली आणि ॲन एकटी उरली. १८३९ च्या हिवाळ्यात हे जानच्या कानी आले. तेव्हा जान सत्तेचाळीस वर्षांची होती. तिच्याजवळ ना पैसा, ना जागा, ना कुठला अधिकार. घरातल्या दोघींची संमती घेऊन तिने ॲनला आणले, तिला स्वतः उचलून अरुंद जिन्याने वर नेले आणि आपल्या बिछान्यावर निजवले. त्या रात्रीपासून जान माळ्यावर झोपू लागली.

एवढेच घडले. पुढे जगभर पसरलेल्या एका मोठ्या धर्मसंघाची सुरुवात कोणत्याही सभेत किंवा ठरावात झाली नाही. ती या जिन्यावर झाली. येथे क्षणभर थांबा. जान ॲनच्या दाराशी थोडे धान्य ठेवून परत येऊ शकली असती. पुष्कळांनी ते केलेही असेल. परंतु जी बाई पाहू शकत नाही आणि उठू शकत नाही, तिच्या दाराशी ठेवलेले धान्य तिच्यापर्यंत पोहोचत नाही. शोमरोन्याच्या दाखल्यातील प्रवासी जखमांना तेल लावून पुढे निघून गेला नाही. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवले, म्हणजे तो स्वतः पायी चालला. मदतीची खरी कसोटी तीच आहे. ती देणाऱ्याच्या आयुष्यातील काहीतरी हलवते. जानच्या आयुष्यातून तिचा बिछाना हलला.

थोड्याच दिवसांत इझाबेल केरू ही दुसरी वृद्धा आली. तिची हकिगत आणखी वेगळी होती. ती आयुष्यभर एका घरी चाकरीला होती. मालकांची परिस्थिती खालावली तेव्हा तिने पगार सोडला, स्वतःची शिल्लक त्यांच्यावर खर्च केली आणि अखेर त्यांच्यासाठी भीकही मागितली. ते वारले तेव्हा ती थकलेली, आजारी आणि निराधार होती. दुसऱ्यांसाठी जगता जगता स्वतःसाठी जगण्याची सवयच सुटलेली अशी माणसे आपणही पाहिली आहेत. नवऱ्याच्या दीर्घ आजारात झिजलेल्या आणि तो गेल्यावर चूलच न पेटवणाऱ्या आजीबाई आपल्या मंडळीतही आहेत.

तळघरातील खलाशी

मारी झामे आणि मादलेन बूर्झ या तरुणी मदतीला आल्या. १८४१ साली त्यांनी एक जुने मद्यगृह भाड्याने घेतले आणि बारा वृद्ध स्त्रियांना तेथे ठेवले. १८४२ साली, हाती पैसा नसताना, एका जुन्या मठाची इमारत विकत घेतली. लवकरच तेथे चाळीस वृद्ध राहू लागले.

त्यांत एक म्हातारा खलाशी होता. वय बहात्तर. निवृत्तिवेतन नाही, नातलग नाही. जानला तो सापडला तेव्हा तो एका ओलसर तळघरवजा खोलीत कुजलेल्या गवतावर पडून होता. अंगावर चिंध्या, उशाला दगड. इतर गरिबांनी टाकलेल्या भाकरीच्या तुकड्यांवर तो तेथे दोन वर्षे जगत होता. त्याच्याभोवती गाव होते, बाजार भरत होता, घंटा वाजत होत्या. आणि दोन वर्षे तो तेथेच होता.

जानने त्याला उपदेश केला नाही. ती प्रथम एका ओळखीच्या घरी गेली, जे पाहिले ते सांगितले आणि सदरा व स्वच्छ कपडे घेऊन परत आली. त्याला कपडे दिले आणि मग आपल्या घरी नेले. तो हळूहळू सुधारला. हा क्रम लक्षात घ्या. ज्याला स्वतःची लाज वाटेनाशी झाली आहे असे आपण समजतो, त्याला बहुधा फार लाज वाटत असते. म्हणूनच तो दार उघडत नाही. चिंध्यांमधल्या माणसाला रस्त्यावरून तसाच नेण्याआधी तिने त्याला सदरा दिला. त्याला माणसांत आणण्यापूर्वी माणसासारखे आणले.

जानच्या दाराशी दोन प्रकारचे वृद्ध आले. काहींना दुसऱ्यांनी टाकले होते. काहींनी स्वतःलाच टाकून दिले होते. बाहेरून पाहिले तर दोन्ही दारे सारखीच दिसतात. तुझी ही दशा कुणाच्या दोषाने झाली, हे विचारत बसण्यात तिने वेळ घालवला नाही.

टोपली

तिच्या घरी आलेल्या पुष्कळ वृद्ध स्त्रिया पूर्वी भीक मागत असत आणि ती सवय सुटत नव्हती. दिवसभर त्या रस्त्यावर हिंडत, अपमान सोसत आणि मिळालेल्या पैशांतून काहीजणी दारू पीत. घरात निवारा होता, परंतु जुने आयुष्य त्यांना रोज बाहेर ओढून नेत होते. जानने त्यांना कोंडून ठेवले नाही आणि घराबाहेरही काढले नाही. एका धर्मबंधूच्या सूचनेवरून तिने वेगळाच मार्ग धरला. तुम्हांला कोण कोण भीक घालते, त्यांची नावे मला सांगा, असे तिने त्यांना विचारले आणि टोपली घेऊन स्वतः त्या दारांशी जाऊ लागली. त्यांच्या वाटची भीक आता मी मागते, त्या घरीच राहतील, असे तिने लोकांना सांगितले.

कांकालची माणसे गरीब असली तरी मानी होती. भीक मागणे जानलाही जड गेले. परंतु त्या बायकांचा अपमान तिने स्वतःकडे घेतला आणि त्यांच्या हाती सूत कातण्याचे, पिंजण्याचे काम दिले. त्यामुळे त्या नुसत्या आश्रित राहिल्या नाहीत. घराच्या खर्चाला त्यांचाही हातभार लागू लागला.

एकदा एका चिडलेल्या माणसाने तिच्या थोबाडीत मारली असे सांगतात. तिने शांतपणे त्याचे आभार मानले. हे माझ्या वाट्याचे झाले, आता माझ्या गरिबांसाठी काही द्या, अशी विनंती केली. आणखी एका गृहस्थाने काल दान दिले असताना ती आज पुन्हा आली म्हणून तो रागावला. भूक रोज लागते, म्हणून मलाही रोज यावे लागते, असे तिने त्याला समजावले. पुढे तो नेमाने देऊ लागला.

१८४४ साली सँ-सेर्व्हाँच्या महापौरांनी व प्रतिष्ठितांनी तिच्या कार्याची हकिगत लिहून फ्रेंच अकादमीकडे पाठवली. ११ डिसेंबर १८४५ रोजी अकादमीने सद्गुणी कार्यासाठी दिले जाणारे माँतियाँ पारितोषिक, म्हणजे ३,००० फ्रँक, तिला जाहीर केले. त्या वेळच्या गौरवभाषणाची छापील प्रत ती टोपलीबरोबर नेऊ लागली. तिने त्या सन्मानाचा उपयोग केला तो नवी दारे उघडण्यासाठी. रेन, दिनां, तूर, आंझे अशा शहरांत घरे निघाली. लोक त्या भगिनींना जानच्याच नावाने ओळखत. पुढे त्यांच्या संघाला गरिबांच्या लहान भगिनी हे नाव मिळाले. दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन यांच्या जोडीला आतिथ्याचे चौथे व्रत त्या घेतात. वृद्ध माणूस त्यांच्या घरी रुग्ण नसतो, पाहुणा असतो.

स्वतः विसरली गेलेली

आता या चरित्राचा कठीण भाग. डिसेंबर १८४३ मध्ये भगिनींनी जानची प्रमुख म्हणून फेरनिवड केली. काही दिवसांतच त्यांचे सल्लागार धर्मगुरू ल पाय्योर यांनी ती निवड रद्द केली आणि तेवीस वर्षांच्या मारी झामेला प्रमुख नेमले. जानला टोपली घेऊन फिरण्याचे काम उरले. तिने ते केले. १८५२ साली रेनच्या बिशपांनी संघाला मान्यता दिली, तेव्हा ल पाय्योर यांनी जानला मातृगृही बोलावून घेतले आणि तिचे बाहेर जाणे, दात्यांना भेटणे बंद केले. त्या वेळी ती साठीच्या उंबरठ्यावर होती. १८५६ पासून अखेरपर्यंत ती सँ-पेर्न गावाजवळील मातृगृहात राहिली.

अशी सत्तावीस वर्षे गेली. संघाचा इतिहास बदलून सांगितला जाऊ लागला. संस्थापक म्हणून त्या धर्मगुरूचे नाव पुढे आले. नव्याने येणाऱ्या तरुण मुलींना, आपल्याबरोबर काठी टेकत बागेत फिरणारी ही म्हातारी भगिनी कोण आहे, हे ठाऊक नव्हते. फक्त एकदा, १८६५ साली, संघाने कायमचे उत्पन्न देणारी देणगी स्वीकारावी की नाही असा प्रश्न पडला, तेव्हा तिला सल्ल्यासाठी बोलावले. कायमच्या उत्पन्नावर न विसंबता रोजच्या भाकरीसाठी देवावर आणि लोकांवर विसंबावे, असे तिने सुचवले. तिचे म्हणणे मान्य झाले आणि ती पुन्हा आपल्या खोलीत गेली.

वाचकहो, तिच्यावर झालेला अन्याय हा अन्यायच होता. तिच्या सहनशीलतेमुळे तो योग्य ठरत नाही. परंतु येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. जिने टाकलेल्या वृद्धांना उचलले, तिलाच वृद्धपणी बाजूला टाकले गेले. स्वतःकडे दुर्लक्ष करण्यास, कडवट होऊन दार लावून घेण्यास तिच्याजवळ पुरेसे कारण होते. तिने दार लावले नाही. दृष्टी अधू झाली तरी ती नवशिक्या मुलींमध्ये बसे, त्यांना टोपलीच्या दिवसांतल्या गोष्टी सांगे, वृद्धांशी मायेने वागायला आणि लहान होऊन राहायला शिकवी. तिला टिकवून धरले ते तिच्या प्रार्थनेने, आणि रोज तिच्याभोवती येणाऱ्या त्या मुलींनीही. एकाकी वृद्धाला नुसते अन्न पुरत नाही. आपली कुणाला तरी गरज आहे हे त्याला कळावे लागते.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी, शहाऐंशी वर्षांची होऊन, ती देवाघरी गेली. तेव्हा संघात सुमारे २,४०० भगिनी आणि १७७ घरे होती. १८९० साली रोमने चौकशी करून ल पाय्योर यांना दूर केले आणि हळूहळू सत्य पुढे आले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३ ऑक्टोबर १९८२ रोजी तिला धन्यवादित म्हणून आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी संत म्हणून घोषित केले. भारतात तिच्या भगिनी १८८२ साली कोलकात्यात आल्या. पुढे बंगळूर, सिकंदराबाद आणि मुंबईतही त्यांची घरे झाली.

आपल्या जिन्यापाशी

जानच्या काळी ज्या अवस्थेला नाव नव्हते, तिचा पुढे डॉक्टरांनीही अभ्यास केला. १९७५ साली इंग्लंडमधील क्लार्क, मणकीकर आणि ग्रे या तिघा डॉक्टरांनी स्वतःची पराकोटीची हेळसांड केलेल्या ३० वृद्ध रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. दोघे वगळता ते सर्व एकटे राहत होते. त्यांतील निम्म्यांना कोणताही मानसिक आजार नव्हता. पुष्कळजण हुशार होते, आयुष्यात यशस्वी झाले होते. काहींनी देऊ केलेली मदत नाकारली होती. पडणे किंवा कोसळणे या निमित्ताने अनेकजण इस्पितळात पोहोचले, आणि जवळजवळ निम्मे वाचले नाहीत. तेव्हा हा आळस आहे किंवा वेड आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. कुठे जोडीदाराच्या मृत्यूचे दुःख असते, कुठे विसरण्याचा आजार, कुठे खिन्नता, कुठे दारू, कुठे अधू डोळे व दुखरे गुडघे. आणि कुठे आपल्याला घरातून उचलून नेतील ही भीती.

म्हणून जानकडून आपण काय घ्यावे?

पहिले हे की, जावे. नको म्हटले तरी पुन्हा जावे; आणि शक्यतो त्याच व्यक्तीने, त्याच वारी, त्याच वेळी जावे. एका भेटीत न उघडणारे दार दहाव्या भेटीत उघडते. दुसरे, छोट्या गोष्टीपासून आरंभ करावा. घर साफ करायला दहा माणसे नेऊ नयेत. गरम पेज, धुतलेला सदरा, वाढलेली नखे कापून देणे, डॉक्टरकडे सोबत जाणे, असे काहीतरी न्यावे. ज्याला आपण अडगळ म्हणतो तिच्यात त्यांचे आयुष्य असते. त्यांना न विचारता काही फेकू नये. तिसरे, रागावू नये आणि लाज वाटेल असे काही चारचौघांत बोलू नये. चौथे, त्यांच्या हाताला काम द्यावे. बालवर्गाला गोष्ट सांगणे असो, मंडळीच्या जुन्या आठवणी लिहून देणे असो, माळेच्या प्रार्थनेत पुढाकार असो. ते काम खरे असावे.

पाचवे मात्र तातडीचे आहे. वृद्ध व्यक्ती पडली असेल, दोनतीन दिवस खाणेपिणे सुटले असेल, जखम चिघळली असेल, बोलणे असंबद्ध होत असेल किंवा जगणे नको झाल्याची भाषा असेल, तर नकाराचा मान राखत बसण्याची ती वेळ नव्हे. ताबडतोब डॉक्टरला किंवा रुग्णवाहिकेला बोलवावे आणि नातलगांना कळवावे. वृद्धांच्या मदतीसाठी भारत सरकारची १४५६७ ही विनाशुल्क दूरध्वनिसेवा आहे. मुले किंवा वारस जबाबदारी टाळत असतील तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यान्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. आणि ज्याचे मन शाबूत आहे, धोका समजूनही जो आपल्याच घरी, आपल्याच पद्धतीने राहू इच्छितो, त्याच्यावर घर सोडण्याची सक्ती करू नये. परंतु त्याला एकटेही सोडू नये. त्याचा नकार आपल्या मदतीला असेल. आपल्या येण्याला तो असेलच असे नाही.

जानजवळ इमारत नव्हती तेव्हाही एक बिछाना होता. आपल्याजवळ आठवड्यातील एक तास असेल, एक डबा असेल, एक दुचाकी असेल. हे वाचून झाल्यावर, प्रिय वाचक, ज्या दाराची आठवण तुम्हांला पहिल्या परिच्छेदात झाली असेल, त्या दाराशी या रविवारी उपासनेनंतर जाऊन या. कदाचित पुन्हा सर्व ठीक आहे असेच ऐकू येईल. तेव्हा पुढच्या रविवारीही येतो, एवढे सांगून या. आणि पुढच्या रविवारी खरोखरच जा.